पाते परक्याचे, मूठ आपली

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोदबीज लिलावघरात एक मराठा तलवार विक्रीला निघाली. महाराष्ट्र सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची ही तलवार. पात्यावर मुठीजवळ सोन्याच्या अक्षरांत, देवनागरीत त्यांचे नाव आहे, छत्रपती शाहूंनी दिलेला सेनासाहेबसुभा हा किताब आहे आणि शेवटी हत्याराची जात लिहिली आहे: फिरंग. मूठ अस्सल मराठा घडणीची. पाते मात्र युरोपात घडलेले.

बातमी आली तेव्हा हा शेवटचा तपशील बहुतेकांनी एका वाक्यात उरकला. ज्यांनी त्याकडे लक्ष दिले, त्यांच्यापैकी काहींना तो खटकला. बंगालपर्यंत धडक मारणाऱ्या सेनानीच्या हाती परदेशी पोलाद कसे? मला वाटते, त्या तलवारीतली सर्वांत बोलकी गोष्ट तीच आहे. दूरच्या गिऱ्हाइकासाठी युरोपातल्या कारखान्यांत पाती घडत होती, जहाजात भरली जात होती, आणि ती वसई, चौल, गोवा, सुरत अशा बंदरांतून आत येत होती. त्यांचे पुढे काय करायचे हे इथले कारागीर आणि इथले घोडेस्वार ठरवत होते. या व्यापाराची कहाणी वसईत राहणाऱ्याने सांगावी, कारण दोनशे वर्षे पोर्तुगीजांची सरहद्द आपल्या अंगणातून जात होती.

आधी हत्यार समजून घेऊ. फिरंगेचे पाते सरळ, लांब, बहुधा एकधारी किंवा टोकाकडे थोडे दुधारी असते. लांबी तीन फूट किंवा त्याहून जास्त. पात्याच्या अंगावर एक, दोन किंवा तीन नळ, म्हणजे उभ्या खोबणी, कोरलेल्या असतात. पुष्कळांना वाटते की त्या रक्त वाहून जाण्यासाठी होत्या. तसे नाही. नळामुळे पात्याचे वजन घटते आणि ताठपणा टिकतो, एवढेच त्यांचे काम. मूठ हाताच्या पंजाला झाकणाऱ्या रुंद परजेची, आतून गादी लावलेली. मुठीच्या वरच्या टोकाला वाटीसारखी चकती आणि तिच्यातून निघालेला लोखंडी गज. जोराचा वार करायचा तर दुसऱ्या हाताने हा गज धरता येई, आणि एरवी तो मनगटामागच्या हाताचे थोडेफार रक्षण करी. धोप हेही नाव मराठीत अशाच सरळ, लांब तलवारीला आहे. पुष्कळ दांडपट्ट्यांना बसवलेली लवचिक पातीसुद्धा युरोपीयच असत.

ही पाती येत कुठून? तीन नावे सतत भेटतात. जर्मनीत वुपर नदीच्या काठचे सोलिंगेन, स्पेनमध्ये ताहो नदीकाठचे तोलेदो, आणि उत्तर इटलीतल्या मालाचे बंदर जिनोआ. यांतले सोलिंगेन सर्वांत मोठे. तिथे कामाची वाटणी कडक होती. पाते ठोकणारा लोहार वेगळा, त्याला पाणी देणारा वेगळा, घासून धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा, आणि या कामांचे निरनिराळे संघ होते. घासण्याची प्रचंड दगडी चाके नदीच्या प्रवाहावर फिरत. त्यामुळे एकसारखी, सरळ, लांब पाती शेकड्यांनी काढणे त्यांना जमे. मूठ न बसवलेली अशी पाती पेट्यांत भरून युरोपभर जात आणि तिथून समुद्रापार.

पात्यावर कारखान्याची खूण ठोकलेली असे. धावता लांडगा ही खूण मूळची बव्हेरियातल्या पासाऊ गावची, ती सोलिंगेनने उचलली. दात असलेल्या दोन अर्धचंद्रांची खूण जिनोआची म्हणून ओळखली जाई. आंद्रेआ फेरारा हे इटालियन कारागिराचे नाव, साहागुन हे तोलेदोच्या कारागिराचे. ही दोन्ही नावे सोलिंगेनचे लोहार आपल्या पात्यांवर बिनदिक्कत कोरत, कारण गिऱ्हाइकाचा विश्वास त्या नावांवर होता. येशूच्या नावाची आय-एच-एस ही तीन अक्षरेही कित्येक पात्यांवर सापडतात. पुढे या खुणांची नक्कल कॉकेशसच्या डोंगरांत झाली, अफगाणिस्तानात झाली आणि आपल्याकडेही झाली. नक्कल करणाऱ्याला लॅटिन अक्षरे वाचता येत नसत, म्हणून ती उलटी पडत, एखादे गळे, एखादे दोनदा येई. त्या चुकांवरूनच आज जाणकारांना देशी पाते ओळखता येते. नक्कल झाली याचा अर्थ सरळ आहे. दख्खनच्या बाजारात त्या अर्धचंद्राला भाव होता.

इथे एक प्रश्न उभा राहतो आणि त्यावर थोडे रेंगाळायला हवे. पोलादाच्या बाबतीत भारत दरिद्री नव्हता. तेलंगणातल्या निर्मळजवळच्या कोनसमुद्रम, इंदलवाई अशा गावांत मुशीत वितळवून केलेले पोलाद सतराव्या शतकात जगात नावाजलेले होते. इराणी व्यापारी ते विकत घ्यायला तिथवर येत. पाण्यावरच्या लहरींसारखी नक्षी दिसणाऱ्या उंची तलवारी याच पोलादाच्या. मग ज्या दख्खनमधून उत्तम पोलाद बाहेर जात होते, त्याच दख्खनने परदेशी पाती का घ्यावीत?

उत्तर धातूच्या स्वभावात आहे. मुशीच्या पोलादात कार्बन खूप, सुमारे दीड टक्का. त्याची धार जबरदस्त, पण ते कठीण आणि ठिसूळ. थोड्या वक्र, रुंद, कापत जाणाऱ्या तलवारीला ते शोभते. लांब, सरळ आणि पातळ पाते करायचे तर ते वाकून पुन्हा सरळ व्हायला हवे, नाहीतर चिलखतावर किंवा हाडावर पडल्यावर ते मोडेल. युरोपीय पाते कमी कार्बनच्या पोलादाचे. ते तापवून विझवायचे, मग पुन्हा मंद तापवून त्याला स्प्रिंगसारखा लवचिकपणा द्यायचा, हे सोलिंगेनच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या साधलेले होते. त्यात पाणचाकीमुळे किंमत आटोक्यात. म्हणजे दख्खनच्या लोहाराला पोलाद येत नव्हते हा निष्कर्ष चुकीचा ठरेल. तो एका प्रकारच्या पोलादाचा उस्ताद होता आणि बाजाराला दुसऱ्या प्रकारचेही हवे होते.

हवे का होते? कारण सरळ तलवार इथे परकी नव्हतीच. खंडोबाच्या हातातला खांडा सरळ. दख्खनच्या जुन्या शिल्पांतल्या वीरांच्या तलवारी सरळ. वक्र तलवार उत्तरेकडून आणि तुर्क-इराणी फौजांबरोबर जास्त रुळली, तरी सरळ पात्याची सवय दक्षिणेतून गेली नव्हती. त्यात हलक्या घोड्यावर बसून झटपट हल्ला करणाऱ्या स्वाराला हाताची पोच लांब असणे मोलाचे. युरोपातून आलेले तीन फुटी पाते या जुन्या सवयीत बेमालूम बसले.

आता वसईकडे वळू. गुजरातच्या सुलतान बहादुरशहाने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि तिचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढे वसई हे त्यांच्या उत्तरेकडील प्रांताचे मुख्य ठाणे झाले. आजच्या किल्ल्यात फिरताना चर्चच्या पडक्या भिंती, फरशीतल्या थडग्यांच्या शिळा आणि त्यांवरची घराण्यांची चिन्हे दिसतात. ही घराणी इथे नुसती पहारा द्यायला आलेली नव्हती. पोर्तुगीज राजाने गावेच्या गावे ठरावीक खंडावर या वसाहतकऱ्यांना दिली होती, आणि त्या बदल्यात घोडा बाळगणे, हत्यारबंद माणसे ठेवणे, हाक आली की प्रांताच्या रक्षणाला उभे राहणे ही अट घातली होती. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, त्यापलीकडे जव्हारच्या कोळी राजाचा मुलूख, खाडीपलीकडे कल्याण-भिवंडी. वसईचा जमीनदार म्हणजे सरहद्दीवरचा वसाहतकरी होता, आणि त्याला हत्यारे समुद्रातूनच येत.

ख्रिस्ती नसलेल्यांना हत्यारे विकू नयेत, असा पोपचा आणि पोर्तुगीज राजांचा जुना मनाईहुकूम होता. पण मनाईहुकूम वारंवार काढावा लागतो तेव्हा माल वाहतच असतो. शिवाय विकणारे एकटे पोर्तुगीज नव्हते. इंग्रज कंपनीच्या सुरतेला आलेल्या सुरुवातीच्या जहाजांत बनात, शिसे, आरसे, सुऱ्या यांच्याबरोबर तलवारीची पातीही होती. एकाने दार बंद केले तर दुसरा उघडे ठेवी.

माणसेही सरहद्द ओलांडत. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि १६५९ च्या सुमारास तिथल्या खाडीत लढाऊ गलबते बांधायला काढली. त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज होता आणि त्याच्या हाताखाली शेकडो माणसे होती. वसईच्या कप्तानाला धास्ती वाटली, त्याने निरोप धाडले आणि ही मंडळी काम टाकून निघून गेली. तोवर महाराजांच्या माणसांनी काय शिकायचे ते शिकून घेतले होते, कारण आरमाराचे काम थांबले नाही. ज्या खाडीतून गलबते बांधण्याची विद्या इकडून तिकडे गेली, तिथून चार पेट्या पाती जाणे काही अवघड नव्हते.

आपल्याकडे एक समज पक्का आहे की मराठ्यांकडची फिरंगी पाती ही वसईच्या लढाईतली लूट. समज गोड आहे, पण हिशोबात बसत नाही. चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसईने मे १७३९ मध्ये शरणागती पत्करली, ती सन्मानाच्या अटींवर. शिबंदी आपली हत्यारे आणि चीजवस्तू घेऊन, नगारे वाजवत बाहेर पडली. लुटीत आल्या त्या घंटा. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली १७२१ सालची घंटा त्यांतलीच म्हणून प्रसिद्ध आहे, आणि अशा घंटा महाराष्ट्रातल्या कितीतरी देवळांत टांगलेल्या आहेत. पात्यांचे मात्र तसे नाही. ती १७३९ च्या आधी शंभर वर्षांपासून इथे येत होती, विकत येत होती, आणि पेशव्यांच्या, भोसल्यांच्या शिलेखान्यांत त्यांची भरती व्यापाराने झाली होती. लढाईतला विजय आपल्याला लक्षात राहतो, बाजारातली खरेदी विसरली जाते.

बंदरात उतरलेले पाते अर्धे काम झालेले हत्यार असे. उरलेले अर्धे इथे होई, आणि ते मला जास्त मोलाचे वाटते. युरोपीय तलवारीत पात्याची शेपटी, म्हणजे मुठीत जाणारा निमुळता भाग, लांब असते. ती मुठीच्या आरपार जाते आणि वरच्या गोळ्यावर ठोकून पक्की करतात. आपल्याकडे रीत वेगळी. मूठ पोकळ लोखंडाची. तिच्यात तापवलेली लाख भरायची, शेपटी कापून आखूड करायची, तापवून आत खुपसायची आणि थंड होऊ द्यायची. लाख घट्ट धरते. पाते मोडले किंवा बदलायचे झाले तर मूठ तापवली की ते निघते. म्हणूनच एका मुठीत वेगवेगळ्या काळी वेगवेगळी पाती बसलेली दिसतात, आणि नातवाच्या मुठीत आजोबांचे पाते सापडते.

पात्याच्या बुडाशी, जिथे घाव सोसताना सर्वांत जास्त ताण येतो, तिथे दोन्ही अंगांना पोलादी पट्ट्या रिव्हेट मारून जोडत. खांड्याच्या पात्याला अशीच आधारपट्टी असे, तीच युक्ती परदेशी पात्याला लावली. पट्टीच्या कडा कातरून तिला वेलबुट्टी काढत. धार आणि चकाकी शिकलगाराकडे, म्यान जिनगराकडे, मुठीवरचे सोन्याचे काम कोफ्तगराकडे. लोखंडाच्या पृष्ठभागावर बारीक उभ्या-आडव्या रेघा ओढून त्यात सोन्याची तार दाबून बसवायची, हे कोफ्तगरीचे तंत्र. सोलिंगेनचे पाते या सगळ्या हातांतून गेल्यावर खंडेनवमीला देवघरापुढे मांडले जाई, त्याला हळदकुंकू वाहिले जाई. त्यावर आय-एच-एस कोरले आहे याची कुणाला अडचण वाटली नाही.

शिवाजी महाराजांच्या तलवारीचा विषय निघाला की आवाज चढतात, म्हणून जे ठाऊक आहे तेवढे शांतपणे मांडतो. महाराज कोकणात असताना सावंतांकडच्या एका सुंदर फिरंगेची त्यांना माहिती मिळाली, त्यांनी ती तीनशे होन देऊन घेतली आणि तिचे नाव भवानी ठेवले, अशी कथा रूढ आहे. साताऱ्याला १८१८ ते १८२२ या काळात रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने छत्रपतींच्या राजवाड्यात पूजेत असलेली तलवार पाहिली आणि तिचे पाते जिनोआचे असल्याचे नोंदवले. तिसरी तलवार कोल्हापूरच्या शिलेखान्यातली. १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजाला ती कोल्हापूरचे बालराजे चौथे शिवाजी यांच्याकडून नजर झाली आणि आज ती ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिच्याही पात्यावर आय-एच-एस ही अक्षरे ठोकलेली आहेत. यांतली भवानी कोणती, यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. मला लक्षणीय वाटते ते हे की कथेतली तलवार, डफने पाहिलेली तलवार आणि लंडनमधली तलवार, तिन्हींच्या बाबतीत पाते युरोपचे सांगितले जाते. महाराजांनी परदेशी तोफा घेतल्या, परदेशी गलबतबांधणी अभ्यासली, तशीच पातीही पारखून घेतली. त्यात कमीपणा शोधणे म्हणजे त्यांची पारख नाकारणे.

युरोपातला हा धंदा आपल्यापुरताच नव्हता. दीडशे-दोनशे वर्षांनी त्याच पद्धतीने एक दुसरी सरहद्द हत्यारबंद झाली आणि तिची कहाणी आपल्या कहाणीशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. १९ सप्टेंबर १८२७ रोजी अमेरिकेत मिसिसिपी नदीतल्या एका वाळूच्या पट्ट्यावर, नॅचेझ गावाजवळ, द्वंद्वयुद्धाची दंगल झाली. जिम बोवी नावाच्या माणसाने गोळ्या लागलेल्या असतानाही आपल्या भल्याथोरल्या सुऱ्याने प्रतिस्पर्ध्याला ठार केले. वर्तमानपत्रांनी ती बातमी देशभर नेली. ६ मार्च १८३६ ला टेक्सासातल्या अलामोच्या लढाईत बोवी मारला गेला आणि त्याच्या नावाचा सुरा प्रत्येक वसाहतकऱ्याला हवासा झाला. त्या काळची पिस्तुले एकच गोळी झाडत आणि पावसात दगा देत. शिकार सोलायला, फांद्या तोडायला आणि जीव वाचवायला एकच हत्यार कमरेला असावे, ही गरज खरी होती.

अमेरिकेत सुरे करणारे थोडे. मागणी पुरी केली ती इंग्लंडमधल्या शेफिल्डने. शेफिल्डकडे पाच नद्यांचे पाणी होते, घासण्याचे दगड जवळच्या डोंगरात होते, आणि १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने तिथे मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली होती. लोखंड मात्र स्वीडनहून यायचे. जॉर्ज वॉस्टनहोम हा कारखानदार अटलांटिक वारंवार ओलांडून गिऱ्हाइकांशी बोलत असे, आणि १८४८ मध्ये घेतलेल्या आपल्या कारखान्याचे नाव त्याने अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षावरून वॉशिंग्टन वर्क्स ठेवले. गिऱ्हाइकाची मर्जी राखण्याची कला याहून पुढे काय जाणार? सुऱ्याच्या पात्यावर तेजाबाने अमेरिकी गरुड, घोडे आणि घोषवाक्ये उमटवलेली असत. सोने शोधायला कॅलिफोर्नियाला निघालेल्यांसाठी एक मजकूर, शिकाऱ्यांसाठी दुसरा. गुलामगिरी संपवू पाहणाऱ्या चळवळीच्या मृत्यूची मागणी करणारा मजकूरही दक्षिणेतल्या गिऱ्हाइकांसाठी कोरला गेला. तो कोरणारा कारागीर ज्या देशात राहत होता, त्या देशाने १८३३ मध्ये आपल्या वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने बंद केली होती. गिऱ्हाइकाच्या मनासारखे करून देणे हा गुण कुठवर ताणता येतो, ते इथे दिसते.

या सुऱ्यांची किंमत शेफिल्डमध्येही कुणीतरी मोजत होते. कोरड्या दगडावर पोलाद घासताना उडणारी धूळ फुप्फुसांत बसे. जेवणाचे काटे घासणारे कामगार तिशी ओलांडताच दम्याने खंगत आणि चाळिशी क्वचितच पाहत. कॅल्व्हर्ट हॉलंड या तिथल्या डॉक्टरने १८४३ मध्ये या रोगावर पुस्तक लिहिले. आज संग्राहक ज्या सुऱ्याच्या चकाकीचे कौतुक करतात, ती चकाकी अशी आली. रिव्हॉल्व्हर स्वस्त झाल्यावर बोवी सुऱ्याची गरज घटली, आणि १८९० मध्ये अमेरिकेने मॅकिन्ली कायद्याने परदेशी सुऱ्या-कात्र्यांवर जबर जकात बसवल्यावर शेफिल्डचा तो बाजार उठला.

आपल्या फिरंगेत आणि या सुऱ्यात एक फरक आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे. शेफिल्डहून सुरा पुरा तयार होऊन जाई, हरणाच्या शिंगाची मूठ, म्यान, घोषवाक्य सगळ्यासह. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने फक्त पैसे मोजायचे. आपल्याकडे पाते आले तरी मुठीचे, म्यानाचे, सोन्याचे काम इथल्या घरांत राहिले आणि हत्याराचे रूप इथे ठरले. म्हणून बोवी सुरा पाहिला की शेफिल्ड आठवते, आणि फिरंग पाहिली की मराठा स्वार.

माल उलट दिशेनेही गेला. १७९४ मध्ये मुंबईतल्या डॉ. हेलेनस स्कॉटने भारतीय मुशीच्या पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्सकडे पाठवले. पुढच्या वर्षी जॉर्ज पिअर्सनने रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या सुरेकाराने त्या पोलादाची हत्यारे घडवली आणि मायकल फॅरडेला बरोबर घेऊन १८१९ ते १८२२ या काळात त्याच्या घडणीचे रहस्य उलगडण्याचे प्रयोग केले. ज्या दख्खनने युरोपची पाती घेतली, तिच्याच पोलादापुढे युरोपचे शास्त्रज्ञ विद्यार्थी झाले.

शिकारीच्या हत्यारांतही तेच. एकोणिसाव्या शतकात जालना, औरंगाबाद, हिंगोली इथल्या छावण्यांतले इंग्रज अधिकारी घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार करत. त्यांना शेफिल्डचा माल सहज मिळत होता. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची मुंबईत पेढी होती आणि रॉजर्सचा चाकू हे नाव जुन्या मराठी घरांतही परिचयाचे होते. तरीही भाल्याच्या फाळासाठी हे शिकारी औरंगाबादच्या बोदराज या कारागिराकडे जात. त्याच्या नावाचा इंग्रजी अक्षरांतला ठसा असलेले फाळ आणि शिकारी सुरे आजही जगभरच्या संग्रहांत आहेत. परदेशी गिऱ्हाइकाला हवा तसा आकार, त्याला वाचता येईल असे नाव आणि त्याला भरवसा वाटेल असे पोलाद, हे तिन्ही औरंगाबादच्या एका लोहाराने साधले. सोलिंगेनने आपल्यासाठी जे केले तेच त्याने इंग्रजांसाठी केले. त्याच्यावर मराठीत एखादे पुस्तक असायला हवे होते.

वसई, आगाशी, सोपारा, विरार या पट्ट्यात आणि एकूणच महाराष्ट्रात कित्येक घरांत जुनी तलवार माळ्यावर किंवा देवघरात असते. तिचे पाते फिरंगी आहे का, हे पाहायला तज्ज्ञच लागतो असे नाही. पाते सरळ असेल, नळ रेघेसारखे नेमके आणि टोकाच्या बरेच आधी संपलेले असतील, तर नळाच्या आत आणि मुठीलगतच्या वीतभर भागात दिवसाच्या तिरप्या उजेडात पाहावे. दातेरी अर्धचंद्र, चार पायांचा पळता प्राणी, क्रूस, मुकुट, लॅटिन अक्षरे किंवा आकडे दिसू शकतात. पुष्कळदा खूण आधारपट्टीच्या खाली अर्धी झाकलेली असते, कारण मूठ बसवणाऱ्याला तिची पर्वा नव्हती. अक्षरे विचित्र जोडलेली वाटली तर निराश होऊ नये, देशी लोहाराची नक्कल हीदेखील इतिहासाचीच वस्तू आहे.

शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. शस्त्रकायद्याचे नियम वेगळे आहेत, ते स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घ्यावेत.

सर्वांत जास्त नुकसान होते ते हौसेने. दसऱ्याच्या आधी पॉलिश पेपर घेऊन तलवार लखलखीत करण्याची घाई अनेक घरांत होते. ठशांची खोली केसाएवढी असते, दोन-तीन वर्षांच्या अशा घासण्याने चारशे वर्षांची खूण कायमची जाते. गंजावर मऊ कापडाने शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात पुरे. मूठ हलत असेल तर ती गॅसवर तापवून घट्ट करण्याच्या भानगडीत पडू नये, आतली लाख जळते आणि सोन्याचे काम निघते. आणि काहीही करण्याआधी खुणेचा जवळून, मोजपट्टी शेजारी ठेवून, दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवावा.

आपल्या संग्रहालयांनीही एवढे करावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, पुण्याच्या केळकर संग्रहालयात, साताऱ्यात, कोल्हापुरात तलवारींच्या रांगा आहेत, आणि शेजारच्या पाटीवर बहुधा तलवार, अठरावे शतक एवढेच असते. पात्यावरच्या प्रत्येक खुणेचे रेखाचित्र आणि मोजमाप असलेली एक मराठी सूची छापली, तर कोणत्या गावचे पाते कोणत्या दशकात आपल्याकडे आले याचा नकाशा काढता येईल, आणि त्यात वसई बंदराचा वाटा किती होता हे अंदाजाने सांगण्याची वेळ राहणार नाही.